सातवी रेघ

चित्रात सात रेघा होत्या. एक दिव्याचा खांब, त्याची सावली, एक निळी गाडी, गाडीच्या मागच्या दाराशी गणवेशातली चार माणसं आणि त्यांच्या हातांवर आडवा असलेला पाचवा, ज्याचा चेहरा करड्या चौकोनाखाली झाकला होता. समोरच्या इमारतीचा तिसरा मजला, त्यावर अकरा खिडक्या. डावीकडून चौथ्या खिडकीत सातही रेघा येऊन मिळत होत्या. त्या खिडकीभोवती एक लाल गोल होता. लाल गोल सोडला तर बाकी सगळं मी काढलं होतं.

शनिवारी सकाळी दात घासता घासता मी फोन बघितला तेव्हा ते समोर आलं. शुक्रवारी माझी सुट्टी असते आणि सुट्टीला मी फोन कपाटात ठेवते, तेवढीच डोळ्यांना विश्रांती. तोंडात फेस तसाच ठेवून मी चित्र मोठं केलं. गोल घाईत काढलेला होता, डावीकडे जरा फुगलेला, दोन टोकं न जुळलेली. खाली लिहिलं होतं, ‘बघा, कोणाला फार हौस आहे.’ दोन हजार तीनशे लोकांनी ते पुढे पाठवलं होतं. मी चूळ भरली, परत बघितलं, दोन हजार तीनशे अकरा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की गोलाचा मध्य रेघांच्या छेदावर बरोबर नाही, जरासा वर गेलाय. दुसऱ्यांदा आलं ते असं की आपल्याला पहिल्यांदा हे सुचावं याची लाज वाटायला हवी. मग मी बेसिनची कड धरून उभी राहिले.

मी वर्तमानपत्रात काम करते, पण बातम्या लिहीत नाही. लोक जे पाठवतात ते तपासते. रस्त्यावर काही झालं की आता वार्ताहराच्या आधी दहा फोन वर झालेले असतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या दर दहा व्हिडिओंतले चार खरे असतात, तीन जुने, दोन दुसऱ्याच गावचे आणि एक कोणीतरी मुद्दाम सोडलेला. हे वेगळं करायला भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी उपयोगी पडेल असं आमच्या संपादक बाईंना दोन वर्षांपूर्वी वाटलं. हा व्हिडिओ मागच्या शनिवारी आला, एक्केचाळीस सेकंदांचा. त्याआधी गुरुवारी पाण्याच्या कचेरीसमोर लोक जमले होते, त्यांच्यात नळ जोडणारा एक माणूस होता. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं की त्याला संध्याकाळी सहा दहाला ताब्यात घेतलं, तो स्वतःच्या पायांनी गाडीत चढला, आणि चौकीत चक्कर येऊन पडला. तो दवाखान्यात गेला सात पंचवीसला आणि परत आला नाही. व्हिडिओत मात्र चार जण त्याला उचलून गाडीत घालत होते आणि त्याचा उजवा हात गाडीच्या दारावर दोनदा आपटला तरी त्याने तो ओढून घेतला नाही. सहा दहाच्या आधीचं असेल तर पोलिसांचा कागद खोटा. पण किती वाजताचं? मूळ फोनमधली वेळ हातोहात पाठवताना गळून पडते, कोणाकडून आलं तेही पुसलं जातं. उरतं ते चित्र. चित्रात ऊन होतं. म्हणून मी सावली मोजली.

खांबाच्या सावलीचं टोक नेमकं गाडीच्या मागच्या चाकामागे लपलं होतं. चाकाच्या अलीकडे गटाराचं लोखंडी झाकण दिसत होतं, पलीकडे फूटपाथची कड. टोक या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं. चाकामागे नेमकं कुठे ते कळायचं तर कॅमेरा कुठून बघतोय ते कळायला हवं. मी सहा रेघा काढल्या, त्यावरून तिसरा मजला ठरला. मग सातवी काढली, खांबावरून त्याच्या मागच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीच्या डाव्या कडेकडे, आणि कॅमेरा अकरा खिडक्यांतून एका खिडकीत आला. चार वाजून बावीस मिनिटं, दोन मिनिटं इकडे किंवा तिकडे. त्या दिवशी कचेरीत टाळ्या वाजल्या. मृताचा चेहरा मी झाकला, व्हिडिओचा आवाज बंद केला. त्यात कॅमेऱ्याच्या जवळ एक शिवणयंत्र चालू होतं आणि एकोणिसाव्या सेकंदाला, हात पहिल्यांदा आपटला तेव्हा, ते थांबलं होतं. आवाजावरून कोणी ओळखेल म्हणून मी तो काढला, आणि आपण किती काळजी घेतो असं मला वाटलं. मग ‘आम्ही हे कसं मोजलं’ या चौकटीत सातही रेघांचं चित्र छापलं, कारण लोकांना पद्धत दाखवली पाहिजे, नाहीतर ते आपल्यावर का म्हणून विश्वास ठेवतील? चित्र सुंदर आलं होतं. गुरुवारी सकाळी मी ते बाबांना दाखवलं होतं.

बाबा आयुष्यभर जमिनीची मोजणी करत होते. आता निवृत्त आहेत आणि घरातल्या घरात मोजत असतात, दुधाचं भांडं कितीला उतू जातं, शेजारचा कुत्रा किती वेळा भुंकतो. गुरुवारी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र नाकाशी धरलं आणि म्हणाले, “छेद चांगला घेतलायस. सूर्य वेळेवर होता म्हणायचं.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे आकाशवाणीच. आज मी बाथरूममधून बाहेर आले आणि फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी परत चष्मा कपाळावर चढवला.

“हा गोल तुझा?”

“नाही.”

“तरीच. तुझा असा वाकडा येत नाही.” मग फोन पालथा ठेवून म्हणाले, “कोण राहतं तिथे?”

मला माहीत नव्हतं. पाच दिवस मी त्या खिडकीशी घालवले होते, तिची जमिनीपासूनची उंची मला सेंटिमीटरमध्ये पाठ होती, आणि आत कोण राहतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. कॅमेरा म्हणजे एक बिंदू, त्याला तीन आकडे असतात, झालं.

पंक्चरला फोन लावला. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि वस्त्यावस्त्यांतून लोक जे व्हिडिओ काढतात ते गोळा करून आमच्यापर्यंत पोचवण्याचं काम तो दुकान सांभाळून करतो. सगळे त्याला पंक्चरच म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

“उठलात का मॅडम? मी म्हटलं सुट्टी अजून चालू आहे.”

“मी आत्ता बघितलं.”

“काल दुपारपासून फिरतंय. तुझा फोन बंद, तुझ्या बाईंचा फोन मीटिंगमध्ये. मी इकडे ट्यूब हातात घेऊन बसलोय.”

“व्हिडिओ काढणारं कोण आहे? त्यांना सांगायला हवं.”

“मला काय माहीत? माझ्याकडे तो चार हातांतून आला. पहिला हात कोणाचा हे मी कधी विचारत नाही. न विचारणं हेच माझं काम आहे, कळलं? उद्या मला कोणी उलटं टांगलं तरी माझ्या तोंडून नाव निघणार नाही, कारण ते माझ्या डोक्यातच नाही. सहा वर्षं असं चाललंय. सहा वर्षांत एकही माणूस सापडला नाही. आणि तुम्ही एका भूमितीच्या तासात सापडवून दिलात.”

पलीकडे हवेचा पंप दोनदा फुसकन वाजला.

“मी जाते तिथे,” मी म्हटलं.

“वेडी आहेस? तू गेलीस की त्या गोलावर सही झाली. संध्याकाळपर्यंत मी कोणालातरी पाठवतो. तू बस घरी, आणि काही मोजू नकोस.”

मी बसले नाही. खोलीत दारापासून खिडकीपर्यंत साडेनऊ पावलं होतात, वळताना अर्धं पाऊल वाया जातं. पंक्चरचं म्हणणं बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत नऊ तास होते हेही बरोबर होतं. काल दुपारपासून फिरतंय म्हणजे जे यायचे ते येऊन गेले असतील, मग माझ्या जाण्याने काय होणार? किंवा आले नसतील, आणि मी त्यांना घेऊन जाईन. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं की बघण्यानेही बघितलेली गोष्ट हलते. तेव्हा ते परीक्षेत सहा गुणांना यायचं.

बाबा आतून आले ते त्यांची जुनी कॅनव्हासची पिशवी खांद्यावर टाकून. त्यात तीस मीटरची फीत, ओळंबा, खडू आणि वही. “चल,” म्हणाले. “मोजणीवाले कोणाला दिसत नाहीत. पस्तीस वर्षांत मला कोणी नाव विचारलं नाही. फक्त आमची भिंत वाचेल का एवढं विचारायचे.”

बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि मी कडेला. बसायच्या आधी आत एकोणीस माणसं होती, त्यांतली चौदा फोन बघत होती, आणि प्रत्येक पडद्यावर तो गोल असणार असं मला वाटत होतं. एका बाईच्या पडद्यावर खरंच काहीतरी लाल होतं. मी मान वाकडी करून बघितलं तर टोमॅटो. बाबा बाहेर बघत अचानक म्हणाले, “तुला ती मागची खोलीवाली बाई आठवते का गं?” मला आठवत होती. मी दहा वर्षांची असेन, सुट्टीत बाबांबरोबर जायचे आणि उंच लाल-पांढरी काठी सरळ धरून उभी राहायचे. एका रस्त्याच्या रुंदीकरणाची मोजणी होती. त्या बाईने मला पाणी दिलं होतं, पितळी भांड्यातून, आणि काठीची सावली तिच्या उंबऱ्यावर पडली होती. “खुंटी ठोकली ती बरोबर ठोकली,” बाबा म्हणाले. “हद्द तिच्या ओसरीतून जात होती, त्याला मी काय करणार? त्याचे पैसे तिला मिळाले. पण मला विचारली होती रस्त्याची हद्द. तिची मागची खोली मी आपण होऊन काढली. नकाशा पुरा दिसावा म्हणून. त्या खोलीला परवानगी नव्हती. ओसरीसाठी आले आणि खोली पाडून गेले.” मी त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी फितीची कडी पिशवीतून बाहेर काढून बोटात घातली, फिरवली, परत आत टाकली. “नकाशा फार सुंदर आला होता,” ते म्हणाले आणि आमचा थांबा आला.

रस्ता मला माहीत होता, म्हणजे चित्रात माहीत होता. प्रत्यक्षात तो लहान निघाला. खांबाच्या बुंध्याशी कोणीतरी दोन रिकामे खोके ठेवले होते. औषधाच्या दुकानासमोर तिघं उभे होते, दोघं औषधासाठी आणि एक नुसताच, निदान मला तो नुसताच वाटला. त्याच्या हातात पिशवी नव्हती, चिठ्ठी नव्हती, बूट नवे होते. बाबांनी झाकणापाशी वाकून फितीचं टोक टेकवलं आणि मोठ्याने म्हणाले, “ए पोरी, उभी काय राहतेस, वर जाऊन पातळी बघून ये.” नव्या बुटांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि जांभई दिली.

जिन्याला बावन्न पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक सज्जा, एकाला एक लागून दारं. चौथं दार उघडंच होतं. आत एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसून पायाचं नख कापत होते. मी दारात उभी राहिले आणि मला काय म्हणायचं तेच सुचेना. पाच दिवसांत मी त्यांच्या खिडकीवर अडीच पानं लिहिली होती.

“पुढे सरका, दारात गर्दी नको,” ते वर न बघता म्हणाले. “आत जागा आहे. तीस वर्षं कंडक्टर होतो, जागा नाही असं मी कधी म्हटलं नाही.”

“काका, मी वर्तमानपत्रातून...”

“रेघावाली?”

“हो.”

“बसा.” त्यांनी नखं कागदात गोळा केली. “काल संध्याकाळी दोघं येऊन गेले. घेऊन गेले मला, चार तास बसवलं बाकावर. तसं काही केलं नाही. एक पोरगा तर मला आजोबा म्हणत होता. फोन मागितला. दिला.” खिशातून त्यांनी फोन काढून माझ्या हातात ठेवला. बटणांचा, मागे रबर लावून झाकण धरलेला. मी उलटसुलट करून बघितला. “तेही असंच बघत होते,” ते म्हणाले आणि त्यांचे खांदे हसायला लागले. “कॅमेरा कुठे आहे, कॅमेरा कुठे आहे. मी म्हटलं, सापडला तर मलाही दाखवा. मला नातवंडाचे फोटो काढायचेत.”

मला हसू आलं नाही. मी उठून खिडकीशी गेले. खाली बाबा वाकलेले होते, त्यांच्या टकलावर ऊन होतं. खांब, मागे दुकान, दुकानाची हिरवी पाटी. खांबाच्या उजव्या कडेला पाटीची डावी कड अगदी चिकटून उभी होती, माझ्या रेघेत होती तशीच, केसाचाही फरक नाही. इतकं सगळं चालू असताना मला एक क्षण नुसता आनंद झाला. मग मी फोनवर व्हिडिओतलं चित्र काढून शेजारी धरलं. पाटी जुळत होती. दुकानाची पायरी जुळत नव्हती. व्हिडिओत खांब पायरीचा कोपरा खात होता. इथून कोपरा पूर्ण दिसत होता आणि खांब आणि त्याच्या मध्ये चांगली हातभर जागा होती. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. पायरी जुळली की पाटी सुटायची. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या, आणि पायरी काही चालत जात नाही.

फोन वाजला. बाबा. ते खालून माझ्याकडे न बघता बोलत होते. “दुकानाची पाटी त्या दिवशीच्या धक्काबुक्कीत खाली आली होती म्हणे. दोन दिवसांनी परत लावली. भिंतीत जुनी भोकं दिसतायत, पन्नास सेंटिमीटर बाजूला आहेत. तू मोजलंस ते लावल्यानंतर ना?”

“हो.”

“हं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

खांबापासून पाटी सहा मीटर. खांबापासून ही भिंत चोवीस. एकास चार. गुणाकार मी केला नाही असं मला म्हणता येणार नाही, तो माझ्यात आपोआप होतो, जांभईसारखा. दोन मीटर. आणि खिडक्यांमधलं अंतर मला पाठ होतं. मी शेजारच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, एक खुंटी, खुंटीला छत्री. पलीकडून काहीही आवाज येत नव्हता.

“परवापासून बंद आहे,” कंडक्टरकाका म्हणाले. ते माझ्याकडेच बघत होते. “एरवी दिवसभर खडखड चालू असते. शाळेचे गणवेश शिवतात मायलेकी. मी कितीदा ओरडलोय, अहो माझी दुपारची झोप! आता दोन दिवस शांत आहे तर झोपच येत नाही.”

“काका, मी...”

“कळलं ना तुम्हाला?”

मी मान हलवली.

“मला पहिल्या दिवशीच कळलं. ठीक आहे. गोल माझ्या खिडकीवर आहे, माझ्या फोनात कॅमेरा नाही. यात वाईट काय आहे? चार तास बसलो, परत बसेन. बसण्याचंच काम केलंय का मी? उभं राहून तीस वर्षं काढली. आता बसायला मिळालं तर तक्रार करू?”

दारात कोणीतरी आलं. चाळिशीची बाई, हातात दोन कप, गळ्यात पिवळी फीत लोंबत होती, शिंप्यांची असते तशी. तिने एक कप काकांपुढे ठेवला, दुसरा माझ्यापुढे. माझ्या फोनवर ते चित्र अजून उघडंच होतं. मी पटकन पडदा पालथा केला. उशीर झाला होता. तिने आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काकांकडे. काका चहात फुंकर घालत होते.

“तुम्हीच ना, पेपरातल्या?” ती म्हणाली.

“हो.”

“रेघा छान होत्या. माझ्या मुलीने कापून ठेवलंय.” तिने फितीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “दहावीला आहे. गणित आवडतं तिला.” मग खाली बघत, “सोमवारी त्या नळवाल्याच्या मृत्यूची चौकशी आहे ना?”

“हो. मला बोलावलंय.”

“तुम्हाला विचारतील, कुठून काढला?”

“विचारतील.”

ती उभीच राहिली. मला वाटत होतं आपण काहीतरी सांगावं, माफी मागावी, वचन द्यावं. पण जे काही बोलले असते त्याने तिला हे कळलं असतं की मला कळलंय, आणि ते तिला कळलेलंच होतं, तरी ते बोललं गेलेलं नव्हतं, आणि त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट धड उरली होती. चहा फार गोड होता. मी तो संपवला. ती दोन्ही कप घेऊन गेली. तिच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला, मग वरची, मग आणखी एक.

कचेरीत संपादक बाई माझी वाटच बघत होत्या. चित्र त्यांनी सकाळी काढून टाकलं होतं. “अडीच हजार लोकांकडे आहे आणि आपल्याकडे नाही,” त्या म्हणाल्या. “बोल.” मी सांगितलं, पाटी हलली होती, सातवी रेघ चुकली. त्यांनी पेन खाली ठेवलं. आमच्या वर्तमानपत्राचा नियम त्यांनीच केलेला आहे. दुरुस्तीत दोन वाक्यं असतात, काय चुकलं आणि बरोबर काय. दुसरं वाक्य नसेल तर पहिलं छापायचं नाही.

“बरोबर काय?” त्यांनी विचारलं.

“सातवी रेघ काढून टाकायची.”

“ते बरोबर नाही झालं. ते कमी झालं. बरोबर खिडकी कुठली?”

मी खिडकीबाहेर बघत होते. पार्किंगमध्ये दुचाक्या होत्या, सतरा. “बाई, आपल्याला प्रश्न काय होता? सहा दहाच्या आधी की नंतर. झाकण आणि फूटपाथची कड, टोक त्यांच्या मध्ये आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. बाबांनी आज परत अंतर मोजलंय. तेवढ्यावरून अठरा मिनिटांची पट्टी मिळते. त्याला खिडकी लागतच नाही. पहिल्या दिवशीही लागत नव्हती.”

“मग काढलीस कशाला?”

मी दुचाक्या परत मोजल्या. बाई म्हणाल्या, “पोलिसांचा वकील हसेल. गुरुवारी म्हणत होतात दोन मिनिटं, रविवारी म्हणता अठरा. सोमवारी काय, दीड तास? तू तिथे उभी असशील, मी नाही. आणि तो विचारेल, तुम्हाला माहीत आहे का कुठली खिडकी?”

“मी मोजलेलं नाही असं सांगेन.”

“मी ते नाही विचारलं.”

“मला माहीत आहे तुम्ही काय विचारलंत.”

बाईंनी पेन उचललं, टोपण लावलं, काढलं. “आधी तिला फोन कर,” त्या म्हणाल्या. “तिचा नवरा गेलाय. ती नाही म्हणाली तर नाही.”

नळवाल्याच्या बायकोला मी दोनदाच भेटले होते. फोनवर तिचा आवाज वयाने लहान वाटतो. मागे पाणी भरल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, खिडकीचं सोडून, म्हणजे खिडकीचं सांगता येईल तेवढं. आमचा आकडा सैल होणार, वकील त्यावर बोट ठेवणार, तिला त्याचा त्रास होऊ शकतो.

“सहा दहाच्या आधीच येतंय ना ताई?”

“हो. जास्तीत जास्त ताणलं तरी चार एकतीस.”

“मग वरची मिनिटं मला काय करायचीत?” तिने पाणी बंद केलं असावं, मागचा आवाज थांबला. “हे मला नळ बसवायला शिकवायचे. म्हणायचे, गळायचं थांबलं की पाना काढ. आणखी पिळलंस तर आटे जातील.” मग जराशाने म्हणाली, “त्या वरच्या लोकांना काही झालं नाही ना?”

“एका काकांना चार तास बसवलं होतं.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा,” ती म्हणाली. कुठली खिडकी, हे तिनेही विचारलं नाही.

मी दुरुस्ती लिहायला बसले. मला एरवी अशा मजकुराला दहा मिनिटं लागतात, आज पावणेदोन तास लागले. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्यानंतर माझं बोट पुढच्या आकड्याकडे जात होतं, पन्नास गुणिले चार, जीभ हलत्या दाताकडे जाते तशी. सोमवारी मी शपथ घेऊन उभी राहीन. तिथे नवे बूट असतील, वकील असेल, आणि मला जे विचारतील त्याचं उत्तर माझ्या डोक्यात तयार असेल, सेंटिमीटरमध्ये. पंक्चरच्या डोक्यात ते नव्हतंच. त्याला बरं आहे. मी डोकं रिकामं कसं करू? बाबांनी त्या बाईची खोली नकाशावर काढली त्याला वीस वर्षं झाली, आणि आज बसमध्ये त्यांना तिची ओसरीसुद्धा आठवत होती. मी वहीत ‘पाटीची जुनी भोकं’ या नोंदीपुढे काहीच लिहिलं नाही. वहीचं ते पान मी फाडलंही नाही, नुसतं तिथे बसून राहिले, आणि वेळ बघितली तर चार वीस झाले होते, आणि कचेरीच्या फरशीवर खुर्चीच्या पायाची सावली तिसऱ्या लादीच्या सांध्याला येऊन टेकली होती.

बाईंनी मजकूर दोनदा वाचला. एक विशेषण काढलं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी तो पानावर गेला.

‘दुरुस्ती. गुरुवारच्या अंकातील आकृतीत सातवी रेघ चुकीची होती; दुकानाची पाटी घटनेनंतर हलवण्यात आली होती. ती रेघ मागे घेत आहोत. उरलेल्या सहा रेघांवरून: गटाराचं झाकण ते फूटपाथची कड, एक मीटर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. सावलीचं टोक या दोन्हींच्या मध्ये. वेळ: दुपारी चार वाजून तेरा ते चार वाजून एकतीस. कॅमेरा: तिसरा मजला, अकरा खिडक्या.’